पेंढ्यातला भात

सकाळी साडेसहाला हौसाने चूल पेटवून आधण ठेवले. सून भाविकाने तांदूळ तीन पाण्यांनी धुतले आणि आधणाला बुडबुडे येताच वैरले. चार-पाच उकळ्या आल्यावर तिने लाकडे बाहेर ओढून विझवली. टोप झाकणासकट जुन्या गोधडीत गुंडाळला, पेंढ्याने भरलेल्या करंड्यात बसवला आणि वरूनही पेंढा दाबला, आंब्याची अढी लावतात तसा. पुढे भात स्वतःच्याच उबेने शिजायचा होता. किन्हवलीतल्या बचत गटाच्या बैठकीत ती हे शिकून आली होती.

पाच दिवस रोज करूनही तो शिजला नव्हता. दाणे पोटात कच्चे राहत आणि टोप पुन्हा चुलीवर चढे.

"कोंबडी खुडुक बसवलीस का भात ठेवलास गो?" सासरा कोंडू दारातून म्हणाला. "पिल्लं निघाली का हाक मार."

"आज शिजेल, बाबा."

"आजच शिजाया हवा. उद्या गोजर करवत घेऊन येतोय."

लाकूडतोड्या गोजर येणार होता घरामागचा करंज तोडायला. पावसाळ्याचे सरपण भरायचे होते. निम्म्या लाकडांत भात होत असेल तर झाड ठेवू, असा शब्द कोंडूने दिला होता. त्याची मुदत आज संपत होती.

या झाडाची सावली दुपारी दोनच्या सुमारास पत्र्यावर उतरे. मग पंखा बंद करून हौसा ओसरीवर आडवी होई. फिकट जांभळी फुले आवाज न करता अंगणात पडत राहत, आणि सबंध घर संथ पाण्यात उतरत चालल्यासारखे गार होई. झोप आणि जाग यांच्यामधल्या त्या तासात तिला आपले वय आठवत नसे. माहेरची नदी मात्र अगदी जवळून वाहते आहे असे वाटे.

भाविका धुणे घेऊन विहिरीवर गेली. घर निवांत झाले. करंड्याभोवती नव्या भाताचा गोडसर वास धुक्यासारखा रेंगाळत होता. हौसाने नेहमीप्रमाणे पेंढा बाजूला सारला. एक शीत काढायचे, बोटांत दाबून बघायचे, पुन्हा झाकायचे. चाळीस वर्षे तिने याच रीतीने भात केला होता.

गोधडीला हात लागताच चटका बसला. काल तिसऱ्यांदा उघडले तेव्हा हीच गोधडी कोमट लागली होती. तिचा हात तिथेच थांबला. तिने सावकाश पेंढा परत दाबला, दार ओढून घेतले आणि ती विहिरीकडे चालू लागली.

"भात माझ्यामुळं कच्चा राहतो गो," ती म्हणाली. "मी उघडून बघते."

भाविकाने हातातली चादर तशीच धरली. "रोज?"

"चार-चारदा."

"आई! तुमचे हात बांधून ठेवायला हवेत."

"म्हणून तं हिकडं आले. धर दुसरं टोक, पिळू लागते."

दोघी उन्हे चढेपर्यंत परतल्या नाहीत.

अकरा वाजता भाविकाने टोप उघडला. कोंडू जेवायला बसला. पहिला घास त्याने बराच वेळ चावला. मग ताट पुढे केले.

"वाढ अजून."

जेवून त्याने हात धुतले आणि फोन घेऊन तो मागच्या दारी गेला.

"गोजर, उद्या नको येऊस," तो म्हणाला. "नाय रे, परवा पण नाय."