चढावर माझा दम का जात होता

मित्रांनो, मी एक जुना ट्रक आहे. रंग मूळचा निळा, पण डाव्या दरवाजावर हिरवा पट्टा आहे, कारण त्या दिवशी निळा रंग संपला होता. माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथले मला फक्त हातोड्यांचे आवाज आठवतात. तिथून आलो तो थेट वीटभट्टीवर, आणि गेली सत्तावीस वर्षे विटाच वाहतो आहे. शहरातल्या निम्म्या भिंती माझ्या पाठीवरून गेल्या आहेत. ही बढाई नाही. म्हणजे आहे, पण थोडीच.

भट्टीची मालकीण ताई. मला चालवतो तो तिचा धाकटा भाऊ. ताईचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, आणि धाकट्याचा सगळा जीव माझ्यात. सकाळी तो आधी माझी काच पुसतो, मग स्वतःचे तोंड धुतो.

माझा डिझेलचा काटा कधीचाच मेला आहे. त्यामुळे निघण्याआधी धाकटा टाकीचे झाकण काढतो, आत काठी बुडवतो आणि ती किती ओली झाली ते पाहतो. ही आमची रीत. तीच पुढे आमच्या मुळावर आली.

झाले असे, की एकदा टाकीत धूळ गेली आणि भर रस्त्यात मी बंद पडलो. ताईने धाकट्याला चांगलेच फैलावर घेतले. त्याने ते मनाला लावून घेतले. टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र होते. धूळ त्यातूनच जाते, असे त्याने ठरवले. खिडक्यांच्या काचांना लावतात त्या लांबीने त्याने ते बुजवले आणि झाकणाखाली जुन्या ट्यूबची घट्ट चकती बसवली. "आता मुंगीसुद्धा आत जायची नाही," असे म्हणत त्याने टाकीवर थाप मारली. मलाही बरे वाटले. आपली कोणी इतकी काळजी घेते म्हटल्यावर कोणाला वाटणार नाही?

त्यानंतर माझा दम जाऊ लागला. भट्टीवरून निघताना मी ताजातवाना असे, पण तासाभराने चढ आला की धाकट्याने पायाने कितीही अ‍ॅक्सिलरेटर दाबला तरी जोर लागेना. चालणारी माणसे मला मागे टाकू लागली. एका म्हातारबाबांनी तर "ढकलू का?" असे विचारले.

मिस्त्री आले. त्यांनी हवेची जाळी बदलली, डिझेलचा फिल्टर बदलला, पंप उतरवून तपासला, चाके उचलून ब्रेक अडकून तर राहत नाहीत ना, तेही पाहिले. रोग रेड्याला नि औषध पखालीला! दर वेळी चाचणीआधी धाकटा काठी बुडवायला झाकण काढायचा, तेवढ्यात टाकीत हवा भरायची, आणि भट्टीभोवतीच्या दोन फेऱ्यांत मी वासरासारखा धावायचो. चढावर पुन्हा ये रे माझ्या मागल्या. मला सगळे कळत होते, पण सांगणार कसे? हॉर्न होता, पण त्याला एकच शब्द येतो.

शेवटी ताई म्हणाली, "इंजिन संपलंय त्याचं. शनिवारी भंगारवाला येतोय."

माणसांच्या तोंडचे पाणी पळते, माझ्या रेडिएटरचे पळाले.

"ताई, एकदाच भरून चढावर नेऊ या," धाकटा रडवेला होऊन म्हणाला. "मिस्त्रींना घेऊ. तूही चल. तिथेही नाही ओढलं, तर मी एक शब्द बोलणार नाही."

शुक्रवारी पुऱ्या विटा भरून आम्ही निघालो. चढाच्या मध्यावर माझा श्वास कोंडला. मी हळू झालो, आणखी हळू, आणि थांबलो. ताईने धाकट्याकडे पाहिले नाही. मिस्त्री मात्र खिडकीतून मागे पाहत होते.

"धूर काळा नाही, इंजिनात खडखड नाही," ते म्हणाले. "ताई, इंजिन संपलेलं नाही. ते उपाशी आहे. डिझेल किती रे?"

"अर्धी टाकी. सकाळीच बघितलं."

"मग त्याला मिळत का नाही? झाकण काढ बरं."

झाकण जागचे हलेना. धाकट्याने दोन्ही हातांनी जोर लावला, तेव्हा 'सूंऽऽ' करून टाकीने हवा आत ओढली. मिस्त्रींनी झाकण उलटे केले, लांबी नखाने खरवडली आणि कपाळावर हात मारला.

"हे छिद्र कुणी बुजवलं? डिझेल बाहेर गेलं की तेवढी हवा आत नको यायला? इंजिन ओढतंय आणि टाकी सोडत नाहीये!"

"मीच," धाकटा खाली मान घालून म्हणाला. "धूळ जाऊ नये म्हणून."

"तुझी माया अशी असेल, तर तुझा राग परवडला!" ताई म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.

मिस्त्रींनी तारेने छिद्र मोकळे केले आणि धूळ अडावी म्हणून वर बारीक जाळीचा तुकडा बसवला. मित्रांनो, त्यानंतरचा पहिला श्वास मी जन्मात विसरणार नाही. सगळ्या विटांसकट मी तो चढ एका दमात चढलो. वर पोहोचल्यावर धाकट्याने स्टिअरिंगवर डोके टेकले, आणि ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

शनिवारी भंगारवाला आला. ताईने त्याला फुटकी घमेली दिली आणि वाटेला लावले.

मित्रांनो, आपल्या माणसांची आणि वस्तूंची काळजी जरूर घ्या, पण तिने त्यांचा श्वास कोंडत नाही ना, तेही पाहा. आणि कोणी चढावर थांबलेला दिसला, तर 'हा संपला' म्हणण्याआधी याला काय मिळत नाहीये, एवढे शोधा. माझ्यासाठी कोणीतरी शोधले, म्हणून आज मी पाठीवर विटा घेऊन उभा आहे.