स्टॅनमोरच्या चढावरचा पंप

मी एक जुना विजेचा पंप आहे. मुठीएवढा. पाणी फिरवणं हे माझं काम. मला भंगार म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणून घ्या, मित्रांनो. गोष्ट संपल्यावर तुमची हिंमत होणार नाही.

माझा जन्म एका मोटारीच्या हीटरसाठी झाला. कित्येक हिवाळे मी इंग्रजांचे पाय ऊबदार ठेवले. एकाही पायाने आभार मानले नाहीत. मोटार मोडीत निघाली, तेव्हा डॉक्टर शशिधरांनी मला तिथून उचललं. ते हॅरोच्या एका हॉस्पिटलात लोकांना भूल देत. सुट्टीच्या दिवशी मात्र एका जुन्या इटालियन स्कूटरपुढे त्यांचीच शुद्ध हरपे.

ही स्कूटर चढावर तापून बंद पडायची. म्हणून डॉक्टरांनी तिला पाण्याने थंड होणारा सिलिंडर बसवला, पुढे छोटा रेडिएटर लावला आणि पाणी फिरवायला मला घेतलं. वीज कुठून द्यायची? रेडिएटरशेजारीच हॉर्न होता. त्याची वायर जाड, स्वच्छ, हाताशी. डॉक्टर स्कूटर शिकले पुण्यात. चालत्या गाडीचा हॉर्न वाजतच असतो, ही त्यांची समजूत. त्यांनी मला हॉर्नला जोडलं, बटण दाबलं. हॉर्न कोकलला, मी गरगरलो.

"फर्स्ट क्लास!" डॉक्टर म्हणाले. आयुष्यातली माझी पहिली शाबासकी.

त्यांच्या पत्नी सुलक्षणाबाई गराजच्या दारात उभ्या होत्या. "अहो, उद्या विनयकडे जेवायला जायचंय. स्टॅनमोरचा चढ न थांबता चढली तर ठेवा. नाहीतर सोमवारी कौन्सिलला फोन करून उचलून न्यायला सांगते. मला इथे फ्रीझर हवाय."

फ्रीझर! थंड करायचं काम आम्ही दोघंही करतो. पण त्याला कोणी मोडीत काढायची धमकी देत नाही.

रविवारी निघालो. हॅरोचे रस्ते! प्रत्येक गाडी आपल्या रांगेत, गुमान. हॉर्न वाजवायला काही कारणच नाही. डॉक्टरही इथे राहून सभ्य झालेले. मी रिकामा बसून राहिलो. तापमानाचा काटा लालकडे सरकला.

"जळका वास येतोय," मागून आवाज आला. सुलक्षणाबाईंच्या मांडीवर श्रीखंडाचा डबा होता.

"पंप बोगस निघाला," डॉक्टर म्हणाले.

बोगस! मित्रांनो, मला कोणी हाकच मारली नव्हती!

तेवढ्यात एक गलेलठ्ठ मांजर रस्त्याच्या मधोमध येऊन बसलं. डॉक्टरांनी गाडी थांबवून हॉर्न दाबला. मांजराने पंजा चाटला. डॉक्टरांनी हॉर्न दाबून धरला. मी जीव तोडून फिरलो.

"अहो, हॉर्न वाजला की काटा उतरतोय!"

डॉक्टरांनी वाकून काट्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मी पंप हॉर्नला जोडलाय."

"का?"

"वायर जवळ होती."

"भूल देताना पण जवळची नळी धरता का?"

मांजर उठून गेलं. समोर चढ होता. डॉक्टर म्हणाले, "परत जाऊ या. चढभर हॉर्न वाजवला तर लोक काय म्हणतील?"

"पंपाला बोगस म्हणालात ना? आता त्याला चान्स द्या. तुम्ही गाडी चालवा, हॉर्न माझ्याकडे." त्यांनी एका हाताने डबा सावरला, दुसरा पुढे घातला आणि बटण जे दाबलं ते सोडलंच नाही.

पडदे हलले. एका आजोबांनी वरात समजून हात हलवला. पुढच्या गृहस्थांनी फक्त मधलं बोट दाखवलं. सुलक्षणाबाईंनी दोघांनाही मान तुकवली. काटा हिरव्यात, गाडी माथ्यावर.

विनय धावत बाहेर आला. "शशी, आग लागली की काय?"

"लागत होती," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "पंपाने विझवली."

सोमवारी डॉक्टरांनी मला किल्लीच्या स्विचला जोडलं. फ्रीझर आला, पण तो जिन्याखाली. आता स्कूटरवर बहुतेक वेळा चादर असते. मध्ये एकजण नवा पंप बसवा म्हणाला, तर बाईंनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

तेव्हा मित्रांनो, कोणाला बिनकामाचं ठरवण्याआधी त्याची वायर कुठे जोडलीय ते बघा. तेवढा वेळ नसेल, तर निदान बोगस म्हणू नका. मी चादरीखाली असलो तरी मला ऐकू येतं. आणि किल्ली फिरवलीत, तर मी आजही फिरतो.