टेबलाच्या अलीकडची खुर्ची

मी एक जुनी वेताची खुर्ची आहे, मित्रांनो, आणि खुर्ची असूनही मला स्वस्थ बसता येत नाही. माझा मागचा एक पाय जरा आखूड आहे. बसणारं माणूस हललं की मीही हलते, आणि माझ्यावर बसणारं माणूस हलल्याशिवाय राहत नाही. एका वकीलबाईंच्या ऑफिसात त्यांच्या टेबलाच्या अलीकडे माझी जागा आहे. पलीकडची गादीची, चाकांची खुर्ची त्यांची.

मला घडवलं एका सुताराने. बैठक विणली त्याच्या बायकोने. विणताना ती अखंड बोलत होती आणि तो लाकूड कापता कापता हुंकार देत होता. त्या हुंकारातच माझ्या एका पायाचं माप चुकलं असावं.

पहिली नोकरी मला फोटोवाल्याकडे मिळाली. तो माझ्यावर बसलेल्या प्रत्येकाला एकच सांगायचा, "हलू नका." नवी जोडपी, पदवीचा झगा घातलेली मुलं, बोळकं पसरून हसणारे आजोबा, सगळे श्वास धरून बसत. माझा आखूड पाय कुणाच्या लक्षातही येत नसे. "खुर्ची काय झकास आहे हो," असं लोक म्हणत आणि मी मनातल्या मनात ताठ होई. पुढे ज्याच्या त्याच्या खिशात कॅमेरा आला, दुकानाला कुलूप लागलं, आणि वकीलबाई मला इकडे घेऊन आल्या.

माणूस किती हलतं ते मला इथे कळलं. इथे येणाऱ्यांवर गंभीर गुन्ह्याचा आरोप असतो. ते टाच आपटतात, माझ्या बैठकीखाली हात घालून कड घट्ट धरतात, कुणी दार वाजवलं की अर्धे उठतात. काहींनी खरंच वाईट काम केलेलं असतं, काहींनी नाही. माझ्यावर वजन सारखंच पडतं. आरोप म्हणजे कुणीतरी म्हणतंय की तू हे केलंस. सिद्ध होईपर्यंत ते नुसतं म्हणणंच असतं. वकीलबाई हे इतक्यांदा सांगतात की त्यांना ठसका लागला तर पुढचं वाक्य मी पूर्ण करू शकेन.

ऑफिसातल्या कारकूनकाकांना मात्र मी नकोशी झाले होते. "बाई, ही अशिलांपेक्षा जास्त कुरकुरते. भंगारात देऊन टाकू." ते मला हे रोज ऐकवायचे. माझ्या वेताला भोक पडलं होतं, ते कुणी विणून घेतलं नाही. मी आपली एक कान भंगारवाल्याच्या हाकेकडे ठेवून दिवस काढत होते.

अशा दिवसांत ती आली. ती पाळणाघरात मुलं सांभाळायची, त्यामुळे सगळे तिला ताईच म्हणत. बरोबर तिच्या सासूबाई होत्या आणि चिंगी नावाची चार वर्षांची मुलगी. ताई बसली आणि मी थरथरायला लागले. आधी वाटलं आपलाच पाय. मग कळलं, तिचे गुडघे.

घडलं होतं ते असं. वरच्या मजल्यावरच्या काकांना जिन्यात ठेवलेली चिंगीची सायकल खपत नसे. त्या दिवशी त्यांनी सायकल भिरकावली आणि चिंगीचा दंड धरून तिला ओढलं. ताईने त्यांना ढकललं. काका पायऱ्यांवरून खाली गेले आणि खुब्याचं हाड मोडलं. पोलिसांनी ताईवर जाणूनबुजून गंभीर इजा केल्याचा आरोप ठेवला. आता ती जामिनावर बाहेर होती.

"मी त्यांच्या बायकोला दवाखान्यात जाऊन सांगितलं," ताई म्हणाली. "म्हटलं, काकू, माझ्याच हातून झालं, मला माफ करा."

वकीलबाईंनी चष्मा काढला. "कधी?"

"त्याच संध्याकाळी. आमच्या घरात भांडण झालं की आधी माफी मागायची आणि मगच जेवायचं, अशी रीतच आहे."

"मीच लावलीये ती," सासूबाई म्हणाल्या. "चांगलीच आहे की."

"घरात चांगली आहे, आई," वकीलबाई म्हणाल्या. "पण सरकारी वकील याला कबुली म्हणतील. आता पुन्हा त्या कुटुंबाशी बोलायचं नाही. जामिनाची तशी अटच आहे."

"म्हणजे ते तिकडे कण्हत पडणार आणि मी साधं विचारायचंही नाही?"

"नाही. वाईट वाटतंय ना, ते वाटू द्या. पण सध्या माझ्याकडे ठेवा. तिकडे नेऊ नका."

माझ्यावरचं वजन एकदम वाढल्यासारखं झालं. माणूस खचतं तेव्हा तसं होतं.

पुढे सरकारी वकिलांकडून एक प्रस्ताव आला. ताईने आरोप कबूल करावा, तुरुंगात जावं लागणार नाही, प्रकरण एका दिवसात मिटेल. तो ऐकून ताईने इतक्या जोरात सुस्कारा सोडला की मी मागे कलले.

"मग हो म्हणून टाक ना गं," सासूबाई म्हणाल्या. "तू झोपत नाहीस, धड जेवत नाहीस. परवा माझ्या चहात तू मीठ घातलंस. मी प्यायले, बोलले नाही."

"बोलायचं ना, आई."

"बोलले असते तर आणखी रडली असतीस."

चिंगी माझ्याखाली बसून माझ्या भोकातून बोट वर काढत होती. ती तिथूनच म्हणाली, "आई, तू वाईट आहेस का?" ताईचे हात माझ्या कडेवर इतके आवळले की वेताची आणखी एक काडी तुटली.

"मला घरी जायचंय, बाई," ताई म्हणाली. "उद्याच हो म्हणते."

वकीलबाईंची एक पद्धत आहे, मित्रांनो. अशील असं घाईला आलं की त्या वाद घालत नाहीत. त्या उठल्या, टेबलाला वळसा घालून आल्या आणि म्हणाल्या, "उठा. तुम्ही पलीकडे बसा. आता तुम्ही वकील, मी आरोपी."

ताई बिचकत त्या चाकांच्या खुर्चीत बसली, तर खुर्ची सरकत थेट कपाटाला जाऊन टेकली. सासूबाईंना हसू आवरेना. वकीलबाई माझ्यावर बसल्या आणि त्यांनी ताईसारखीच माझी कड धरली.

"वकीलबाई," त्या ताईला म्हणाल्या, "मी त्यांना ढकललं ते खरंय. मी हो म्हणून टाकते."

"मग... म्हणा," ताई म्हणाली. मग थांबली. "नाही, थांबा. ढकललं ते खरं. पण आरोप नुसता ढकलल्याचा नाहीये. त्यांना मोठी इजा व्हावी असं तुमच्या मनात होतं, असा आहे. तसं मनात होतं का तुमच्या?"

"माझ्या मनात फक्त माझी मुलगी होती."

"मग ज्याला हो म्हणताय ते खरं नाही."

"असू दे. तुरुंग तर चुकतोय. मला घरी जायचंय."

"जाल हो घरी. पण दुसऱ्या दिवशी कामावर कशा जाल?" ताईचा आवाज आता वेगळाच लागला. "हिंसेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या बाईला पाळणाघरात कोण ठेवेल? नियमच आहे तसा. भाड्याने घर घ्यायला गेलात की विचारतील. उद्या जिन्यात कुणी नुसता वाद घातला तरी पोलीस आधी तुमच्याकडे बघतील. शिक्षा एका दिवसात संपेल, पण ती नोंद..." तिने तोंडावर हात ठेवला.

चिंगीने माझ्या भोकातून बोट काढून वकीलबाईंना टोचलं, तरी त्या हलल्या नाहीत.

"आणि लढले आणि हरले तर?" ताईने विचारलं. आता ती पुन्हा ताईच झाली होती.

"तर तुरुंगही होऊ शकतो. ते मी लपवणार नाही. लढायचं की कबूल करायचं, हे तुम्हीच ठरवायचं. फक्त पुरतं समजून ठरवा."

सासूबाई उठल्या. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "मी घाई केली. चिंगीकडे मी बघीन. तू लढ."

त्यानंतरचे महिने माझ्यासाठी फार वाईट गेले. कोर्टात मला कोण नेणार? तारखेच्या दिवशी सकाळी वकीलबाई काळा कोट चढवून निघत, आणि मी रिकामीच करकरत राही. खिडकीतून वारा आला तरी वाटे, आले वाटतं.

अखेर एके दुपारी वकीलबाई दार ढकलून आत आल्या आणि कोटासकट माझ्यावरच येऊन बसल्या. कारकूनकाकांनी पाणी दिलं. "काय झालं, बाई?"

"सरकारी वकिलांनी ती माफी सिद्ध करायला काकूंनाच साक्षीला बोलावलं. मी एकच प्रश्न विचारला. ती माफी मागून गेल्यावर तुमचे यजमान काय म्हणाले? तर काकू म्हणाल्या, हे म्हणाले की मी पोरीचा दंड धरायला नको होता."

"आणि?"

"ती पोरीला सोडवत होती, हे कोर्टाला पटलं. गंभीर आरोप टिकला नाही. निष्काळजीपणाचा किरकोळ गुन्हा धरला, ताकीद देऊन सोडलं. पाळणाघरातलं काम वाचलं तिचं."

कारकूनकाकांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी कुठूनसा वेत शोधून आणला आणि माझं भोक विणून दिलं. त्यांची वीण वेडीवाकडी आहे, पण घट्ट आहे. पायाला मात्र त्यांनी हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी ताई चिंगीला घेऊन आली. माझ्यावर टेकली, तरी तिचे गुडघे पूर्ण थांबले नव्हते. तिने एवढंच विचारलं, "आता काकांना बघायला जाऊ का?"

"आता जा," वकीलबाई म्हणाल्या.

चिंगीने वाकून भोक शोधलं, ते सापडेना म्हणून हिरमुसली.

मित्रांनो, जुन्या खुर्चीचा वेत वेळेवर विणून घ्या, एवढं मागणं मी स्वतःसाठी मागते. दुसरं मागणं माझ्यावर बसणाऱ्यांसाठी आहे. तुमच्या ओळखीतलं कुणी अशा खुर्चीत बसलं, तर त्याला लगेच बरा किंवा वाईट ठरवू नका, आणि लवकर संपव म्हणून मागेही लागू नका. आधी विचारा, तुला नीट समजलंय ना?

ताई निघाली तेव्हा दारात एक माणूस उभा होता. हातातल्या टोपीची कड तो चुरगाळत होता. आत यावं की परत फिरावं, ते त्याला ठरवता येत नव्हतं. ताईने मला त्याच्याकडे वळवलं.

"बसा," ती म्हणाली. "ही जरा डुलते. पण पाडत नाही."