ताईच्या खिडकीची काच

काचवाल्याने कटर इतक्या रागाने ओढला, की चीर रेघ सोडून भलतीकडेच धावली आणि आरशाचा मोठा तुकडा टेबलावरून निसटून खाली फुटला. सकाळपासून हा दुसरा आरसा. त्याने तुकडे पायानेच बाजूला सारले आणि भिंतीकडे बघून एक शिवी हासडली. भिंतीपलीकडे कोणीतरी खिळे ठोकत होतं. शेजारच्या गाळ्यावर तो वर्षभर डोळा ठेवून होता, आणि मालकाने तो परस्पर एका चपलांच्या दुकानदाराला देऊन टाकला होता.

"मला एका शब्दाने विचारायचं तरी," तो पुन्हा म्हणाला.

त्याची बायको कोपऱ्यात बसून गिऱ्हाइकाच्या फोटोला चौकट बसवत होती. "अहो, आहे ती जागा पुरतेय की आपल्याला," ती मान वर न करता म्हणाली.

"पुरतेय म्हणत बस तू. तुझ्या या पुरतेयपायीच आपण इथे सडतोय."

बायकोने चौकटीचा पुढचा कोपरा जुळवला. ही गाडी कुठून निघते आणि कुठे जाते, हे तिला पाठ झालं होतं. दुखण्यातून उठून तो दुकानात परतला, तेव्हा त्याला फक्त काच कापायचं मोठं टेबल हवं होतं. टेबल आलं. मग टेम्पोवाचून अडायला लागलं. टेम्पो दाराशी उभा राहिला त्याच संध्याकाळी हा गृहस्थ शेजारच्या गाळ्यासमोर लांबी-रुंदीचा अंदाज घेत येरझाऱ्या घालत होता.

दुपारी ताई आली. काचवाल्याची ही थोरली बहीण शहरातली बस चालवायची. काम संपवून ती गणवेशातच आली होती. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीची काच तडकली होती आणि भाऊ नुसता उद्या-उद्या करत होता.

"धाकट्या, आज तरी देतोस का काच? पुठ्ठा लावून दिवस काढतेय मी."

"तुला काचेचं पडलंय. इथे माझा गळा कापला गेलाय."

ताईने स्टूल ओढलं आणि सगळं ऐकून घेतलं. मालक कसा लबाड, बायको कशी थंड, आपलं नशीब कसं फुटकं. त्याचं बोलून संपलं तेव्हा ती म्हणाली, "गेला तर जाऊ दे रे. दुकान चालतंय, पोरगी शिकतेय, अंगात बळ आलंय. अजून काय हवं माणसाला?"

ती अगदी सहज बोलली होती. पण काचवाल्याच्या डोक्यात तिडीक गेली. ऑपरेशन झाल्यापासून जो तो त्याला हेच ऐकवत होता. डॉक्टर, सासरा, गिऱ्हाइकं, रस्त्यात भेटलेला कोणीही. भाग्यवान आहेस, अशी बहीण मिळायला पुण्य लागतं, आता समाधानाने राहा. ताईची किडनी त्याच्या पोटात बसवताना जणू त्याच्या तोंडालाच टाके घातले होते.

"मग सरळ बोल ना," तो म्हणाला. "किडनी दिलीस. त्यापायी आता जन्मभर हात जोडून उभा राहू का? मला काही हवंय म्हणायचीसुद्धा चोरी?"

बायकोच्या हातातली चौकट तशीच राहिली.

ताई उठली. तिचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "त्याबद्दल मी आजवर एक शब्द काढलाय? आज तू काढलास. आणि तुझे जोडलेले हात कोणाला हवेत? मला भाऊ हवा होता, म्हणून दिली. तर परत आलाय हा असा. दिवसभर कुरकुरणारा, बायकोला फाडून खाणारा. आजारात बरा होतास तू."

ती काच न घेताच निघून गेली.

काचवाला किती तरी वेळ धुमसत होता. मग त्याने नवी काच काढली, ताईच्या खिडकीच्या मापाने कापली आणि कागदात गुंडाळली. "तिच्या दारात नेऊन टाकतो. उपकार नकोत कोणाचे," तो म्हणाला. बायकोने काच पक्की करायच्या लांबीचा डबा त्याच्या पिशवीत घातला.

ताईने दार उघडलं, वाट सोडली आणि तशीच ओट्याकडे वळली. तो आत गेला, पुठ्ठा फाडून काढला, चौकटीतली जुनी लांबी खरवडायला लागला. ती भांडी आपटत होती, तो हातोडी आपटत होता. शेवटी काच बसली. कडेने लांबी भरून त्याने हात धुतले आणि घामाघूम होऊन खुर्चीत टेकला.

ताईने त्याच्याकडे न बघता पाणी आणून ठेवलं. लहानसा पेला, आणि तोही अर्धाच.

तो पेल्याकडे बघत राहिला. डायलिसिस चालू होतं तेव्हा त्याला पाणी मोजून मिळायचं. ताईकडे आला की ती याच पेल्यातून एवढंच द्यायची आणि पाठ करून उभी राहायची. शेवटचा घोट तो गिळायचा नाही, जिभेवर धरून बसायचा, ते तिला बघवत नसे. तो घरात असेपर्यंत ती स्वतःही पाण्याला शिवत नसे.

ताईच्याही लक्षात आलं. "हाताला सवय लागलीय मेली," असं पुटपुटत तिने पेला उचलायला हात पुढे केला. पण त्याने तो आधीच तोंडाला लावला होता. एका घोटात तो रिकामा झाला.

"अजून दे."

तिने भरला. तोही संपला.

"अजून."

पाणी त्याच्या हनुवटीवरून शर्टात उतरत होतं. ऑपरेशननंतर पाण्याचं मोजमाप सुटलं होतं, पण गोळ्या गिळायला तो रोज पाणी पीत असे ते उभ्या उभ्या, मनात टेम्पो नाहीतर गाळा घोळवत.

"घरात मोठा पेला आहे," ताई म्हणाली. तिला रागानेच बोलायचं होतं, पण ते तेवढं जमलं नाही.

"राहू दे. यातूनच दे."

ती पाण्याचा जग घेऊन त्याच्या समोर बसली. तो पीत राहिला. मग पेला हातात फिरवत म्हणाला, "बायकोला सकाळपासून फार बोललोय मी."

"मग ते मला काय सांगतोस?" ताई म्हणाली आणि तिने पेला पुन्हा काठोकाठ भरला.