चवळीची वाट

“मॅडम, कोंबडीला चारचौघात खायची लाज वाटते का?”

मुरबाडहून शाळेत आलेल्या गुरांच्या डॉक्टर मॅडमना हे विचारायची पैज माझ्या बाकावरच्या समीक्षाने लावली होती. मी विचारलंच! सगळा वर्ग खिदळला, पण मला उत्तर खरंच हवं होतं. आमची चवळी कोंबडी रोज वाळत चालली होती. आईने मीठ-मोहरीने तिची दृष्टही काढली, तरी फरक नाय. आता रविवारी तिचा रस्सा करायचं ठरलं होतं.

“लाज नाही गं, धाक वाटतो,” मॅडम म्हणाल्या. “तिच्या दाण्यापाण्याची भांडी कुठे ठेवता?”

घरी येऊन मी खुराड्यात डोकं घातलं. दाणे आणि पाणी एकाच कोपऱ्यात होतं आणि त्यासमोर आमची दुसरी, थोराड कोंबडी लाली फतकल मारून बसली होती. चवळी जरा सरकली की लाली टोच मारायची. मागे भिंत, पुढे चोच. दाणे दिसतायत, पण वाट नाय. माझाच श्वास कोंडला.

“गो, बाहेर ये, कोंबडी झालीस काय?” बाबा हसले.

“आई, बाबा, चवळीला नजरबिजर नाय लागली, तिची वाट अडलीय. दाण्यापाण्याची दुसरी भांडी मी आजच समोरच्या टोकाला ठेवतेय, आणि रविवारी तुमी वरणभात खायचा!”