बाटलीवरचं अक्षर

माझ्या धाकट्या जावेला या घरात येऊन आठ महिने झाले, आणि आठ महिने माझ्या पोटात दुखतंय. आडपडदा कशाला ठेवू? ती गोड बोलते, गोड हसते, सासूबाईंचे पाय मांडीवर घेऊन तेल चोळते. मी एकोणीस वर्षं त्याच सासूबाईंचं सगळं केलं, पण तोंडाने साखर पेरणं मला कधी जमलं नाही.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात, थेंब तयार करायच्या खोलीत काम करते. आत जाताना कोपरापर्यंत हात धुवायचे, टोपी, मास्क, हातमोजे घालायचे, आणि कामापुरतंच बोलायचं. औषध इतक्या बारीक गाळणीतून जातं की जंतूसुद्धा अलीकडेच अडकतो. बाटलीच्या तोंडाला नुसतं बोट लागलं तरी ती बाटली बाद.

हीच शिस्त मी घरी आणली. सासूबाईंचे डोळे कोरडे पडतात. डॉक्टरांनी दिलेले थेंब शक्यतो मीच घालायचे. बाटली उघडली की लेबलवर जाड पेनाने तारीख लिहायची, त्यांना वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात. महिना झाला की उरलेलं टाकून द्यायचं. मी कामावर असले आणि माझ्या नवऱ्याने बाटली हातात घेतली, की त्या आधी विचारायच्या, "हात धुतलेस का?" धाकटीलाही विचारायच्या. मला कधी विचारलं नाही.

एका सकाळी धाकटी ओट्याशी पाणी उकळत उभी होती. मला बघून म्हणाली, "ताई, आईंची ती संपलेली बाटली घेऊ का? घरच्या घरी थेंब करतेय. उकळलेलं पाणी, चिमूटभर मीठ आणि एक थेंब मध. केमिकल अजिबात नाही."

एरवी मी रिकाम्या बाटलीचं लेबल फाडते आणि बाटली कापूनच टाकते. पण त्या 'केमिकल'ने माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हणजे इतकी वर्षं दवाखान्यात मी काय विष ढवळत होते?

"घे," मी म्हणाले.

तिने बाटली नळाखाली खळखळून धुतली, भरली आणि माझ्यासमोर धरली. "तुम्ही यातल्या जाणकार. एकदा सांगा ना ताई, बरोबर केलंय ना?"

सगळं माझ्या जिभेवर होतं. उकळलेलं पाणी भांड्यातून बाटलीत जाईपर्यंत पुन्हा जंतू धरतं. चिमूट हे काही माप नव्हे. मध खायला चांगला, डोळ्यात घालायचा नाही. नळाखाली धुतलेली बाटली दिसायला स्वच्छ, बाकी काही नाही. आणि असल्या पाण्यात जंतू वाढतात, फ्रिजमध्ये ठेवलं तरी वाढतात. दोन मिनिटांचं बोलणं होतं.

"मला काय कळतंय बाई," मी म्हणाले. "हुशार तू. चालू दे तुझं."

तिला टोमणा कळलाच नाही. "थँक्यू ताई," म्हणून ती हसत सासूबाईंच्या खोलीत गेली.

मग सुरू झाले कौतुकाचे पोवाडे. "काय गार वाटतं गं!" सासूबाई शेजारणीला सांगायच्या. "धाकटीने स्वतःच्या हाताने केलेत." माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही. रोज सकाळी फ्रिज उघडला की दारातल्या कप्प्यात ती बाटली दिसायची, वर माझंच लेबल. थेंब घालताना बाटलीचं टोक सासूबाईंच्या पापणीला टेकायचं, तेही दिसायचं. मी मूग गिळून बसले. खरं सांगू? मी वाट बघत होते. डोळा जरासा लाल व्हावा, दोन दिवस चुरचुरावा, म्हणजे या घराला माझी किंमत कळेल. जरासा म्हणजे किती, हे जंतूंना कोण सांगणार होतं?

सहाव्या दिवशी सासूबाईंना उजवा डोळा उघडवेना. पाणी वाहत होतं, उजेड सहन होत नव्हता, आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसत होता. आम्ही सगळे त्यांना घेऊन माझ्याच दवाखान्यात धावलो.

"बुबुळाला जखम झाली आहे, जंतू आत गेलेत," डॉक्टर म्हणाले. "दर तासाला औषध घालावं लागेल. नजर किती वाचेल, आत्ता सांगता येणार नाही. डोळ्यात काय घालत होतात?"

धाकटीने पर्समधून बाटली काढली. "मी घरी केलं होतं," ती म्हणाली आणि रडायला लागली.

"अक्कल गहाण ठेवली होतीस का?" भावजी तिच्यावर ओरडले. माझा नवराही तिच्याकडे डोळे वटारून बघत होता. आठ महिने मी ज्याची वाट बघितली तेच घडत होतं. मला बरं वाटलं, अगदी क्षणभर वाटलं.

"तिला कशाला ओरडतोस?" खुर्चीवरून सासूबाई म्हणाल्या. "मी काय वेडी आहे, कोणाचंही पाणी डोळ्यात घालून घ्यायला? बाटलीवर मोठीचं अक्षर होतं, तारीख होती. म्हटलं, मोठीच्या नजरेखालून गेलंय. म्हणून बिनघोर घातलं."

धाकटी म्हणाली, "ताईंना मी..." आणि माझ्याकडे बघून गप्प झाली. मला वाचवत होती, कार्टी!

ते मात्र मला सोसलं नाही.

"तिने मला विचारलं होतं, आई," मी म्हणाले. "मला सगळं ठाऊक होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. तुम्ही तिचं कौतुक करत होता, आणि माझ्या पोटात दुखत होतं."

डॉक्टरांनी मान खाली घालून चिठ्ठी लिहिली.

मी रजा काढली. धाकटी घड्याळ सांभाळायची, मी दर तासाला थेंब घालायचे. तो महिनाभर सासूबाईंचं डोकं इतकं ठणकायचं की कोण काय घालतंय याकडे त्यांचं लक्षही नसायचं. महिन्याने जखम भरली. डोळा राहिला, पण ठिपका गेला नाही. आता उजवीकडून कप पुढे केला, की त्यांचा हात कपाच्या बाजूला पडतो.

आज नवी बाटली उघडली. लेबलवर मोठ्या अक्षरात तारीख लिहिली आणि त्यांच्या पलंगाशी गेले. त्यांनी मान मागे टेकली. मी बाटली खाली आणली, तशी त्यांनी तळहाताने डोळा झाकून घेतला.

"हात धुतलेस का?" त्यांनी मला विचारलं.

"धुतले, आई," मी म्हणाले.

त्यांनी डोळ्यावरचा हात काढला नाही. मी बाटलीला टोपण लावलं आणि पुन्हा हात धुवायला गेले.