एका खाटेचा तांदूळ

बारक्याने कढईत कांदा टाकला आणि तो हलवायच्या आतच मागून आवाज आला.

"आच कमी कर. ओरडतोय तो."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात वेताच्या खुर्चीवर बसली होती. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन त्यावर पांढरी पट्टी आलेली, आणि डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून तसाच, त्यामुळे समोर उभा असलेला माणूस म्हणजे तिला नुसता एक ठिपका दिसे. निदान ती तसं सांगायची. कान मात्र शाबूत होते, आणि नाक तर कानांच्याही वरचढ. कांदा ओरडायला लागला की आच जास्त आहे, कुजबुजायला लागला की झालं, आणि गप्प बसला की करपला, हे तिने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

बारक्याने आच कमी केली आणि बाहीने डोळे पुसले. कांदा चिरायचा म्हणजे त्याची रडारड ठरलेली. आधी तो मुळाकडचा भाग उडवायचा. मग कांद्याच्या पाकळ्या सुटून फळीभर पसरायच्या, एखादी जमिनीवर जायची, आणि हा सुरी घेऊन त्यांच्या मागे. नावाला बारक्या, पण आता दारातून आत येताना मान वाकवावी लागे आणि तळहात चांगले फावड्यासारखे झाले होते. एवढा मोठा गडी कांद्यापुढे मुळुमुळु रडताना पाहून कुणालाही हसू आलं असतं.

"तांदूळ," आत्या म्हणाली.

त्याने डबा उचलून तिच्या मांडीवर ठेवला. तिने हात आत घातला आणि मोजून चार मुठी पातेल्यात टाकल्या. हा रोजचा रिवाज. त्याला कारण घडलं होतं. पहिल्या दिवशी ती नुसतं म्हणाली होती, "चार मुठी घे." त्याने आपल्या मुठीने घेतल्या. भात पातेल्याचं झाकण उचलून बाहेर आला, आणि पुढचे दोन दिवस दोघं भात, भाताची पेज आणि तव्यावर परतलेला भात खात बसले.

"माझ्या मुठी म्हटलं मी," आत्या तेव्हा म्हणाली होती. "जमिनी मोजायचं शिकतोस ना कॉलेजात? मग एवढं कळू नये? माप कुणाचं ते आधी विचारावं."

आत्याच्या हिशेबात माणसं नसत, खाटा असत. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात तिने तीस वर्षं काढली होती. एका खाटेला दोन मुठी तांदूळ, एक मूठ डाळ, अर्धा बटाटा. घरी पाहुणे यायचे असले तरी ती विचारायची, "किती खाटा?" एकदा बारक्याचे तीन मित्र जेवायला आले होते, त्यांना ते ऐकून घास गिळवेना. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली तरी ती सवय काही सुटली नव्हती. दुसरीही एक सवय होती, ती हाताखालच्या बायकांनी चांगलीच भोगलेली. कुणी बटाट्याचं साल जाड काढलं, कुणी पळी चुकीची उचलली, की आत्याच्या हातातला वाढायचा डाव सरळ बोटांवर बसायचा. चुकीचं काम डोळ्यांसमोर होत असताना गप्प राहणं तिच्या रक्तातच नव्हतं.

आणि तरीही या बाईने आपल्या भाच्याला कधी चुलीजवळ फिरकू दिलं नव्हतं. आई-वडिलांविना तिच्याकडे आलेलं चार वर्षांचं पोर. त्याने पुस्तकं वाचावीत, स्वयंपाकाचं बघायला ती होती. तो अठरा वर्षांचा होऊन भूमापनाच्या कॉलेजात दूरच्या गावी गेला तेव्हा त्याला अंडं उकडायचंही ठाऊक नव्हतं. खोलीत शेगडी होती, पण तिच्यावर तो फक्त चहा करायचा. पाव आणि चहा, चहा आणि पाव, आणि शिष्यवृत्ती हातात आली की रस्त्यावरचं मिळेल ते. पाचव्या महिन्यात कावीळ घेऊन तो घरी परतला. अंगावर हळद चोळल्यासारखा पिवळा, उभा राहिला की भिंत धरावी लागे. वर्ष गेलं ते गेलंच.

"चूक माझी," आत्या तेव्हा डॉक्टरांसमोरच म्हणाली होती. "दोनशे खाटांना जेवू घातलं आणि घरातल्या एकाला शिकवलं नाही."

बारक्याला ते वाक्य आवडलं नव्हतं. 

कॉलेजने त्याची जागा राखून ठेवली होती. जायची तयारी सुरू होणार, तेवढ्यात आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन करायची वेळ आली. आठवड्याने तपासायला गेले तेव्हा बारक्या बाहेरच्या बाकावर बसला होता. आत्या आतून बाहेर आली ती पट्टीसकट. "दोन महिने चुलीपुढे जायचं नाही म्हणाले. पट्टीही राहू दे म्हणाले. आता तुझं तू बघ, आणि माझंही."

मग त्याच्या नाकी नऊ आले. पण पाच आठवड्यांत तो शिकला. मूठभर डाळीत कोबीचा दांडा बारीक चिरून घातला तर दोघांचं भागतं. शिळा पाव अंड्यात बुडवून तव्यावर टाकला की संध्याकाळचं जेवण होतं. बटाटे उकडलेलं पाणी फेकायचं नाही, त्यात डाळ शिजवायची. आणि मीठ अर्धं आधी, अर्धं शेवटी. पहिले तीन आठवडे जे काही शिजलं ते आत्याने कसं घशाखाली उतरवलं, ते तिचं तिलाच माहीत. एकदा डाळीत मीठच नव्हतं. एकदा ते दोनदा पडलं होतं. आत्याने ब्र काढला नाही. फक्त कधीकधी तो बटाटे सोलत असताना खुर्चीच्या हातावर तिची बोटं घट्ट आवळलेली दिसत, आणि त्याला वाटे, डोळा दुखत असणार.

म्हणूनच त्याने ठरवलं होतं. कॉलेजचा फॉर्म आला होता. त्यावर दोन चौकोन होते, "येणार" आणि "येणार नाही". सोमवारपर्यंत तो पोचला पाहिजे. बारक्याने दुसऱ्या चौकोनात खूण केली, सही केली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. अजून तीन आठवडे पट्टी, मग डावा डोळा, मग पुन्हा दोन महिने. हिला इथे ठिपक्यांच्या दुनियेत एकटीला सोडून जमिनी मोजायला कसा जाणार? जागा एकदा हातची गेली की पुन्हा मिळणार नव्हती, हेही तो जाणून होता. आत्याला त्याने यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डाव बसला असता, आणि तोही बोटांवर नाही.

जेवणं झाली. आत्या आडवी झाली. पोस्टात जाता जाता डोळ्यांचे थेंबही आणावेत, म्हणून त्याने तिच्या कपाटातलं औषधाचं खोकं बरोबर घेतलं. बाटली रिकामीच होती.

पोस्टाची खिडकी जेवणाच्या सुट्टीसाठी बंद होती. तो आधी औषधाच्या दुकानात गेला.

दुकानदार चष्मा कपाळावर चढवून बाटली न्याहाळत होता. खोक्यात घडी घातलेलं डॉक्टरांचं कार्ड होतं, ते त्याने उलगडलं.

"हे थेंब चार आठवड्यांचेच होते. झाले की. आता नकोत."

"पण पट्टी आहे अजून."

"कुणाला?"

"आत्याला. हे थेंब तिचेच."

दुकानदाराने कार्ड त्याच्यापुढे फिरवलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. अक्षर डॉक्टरांचं असूनही वाचता येत होतं. पट्टी आठव्या दिवशी काढली. नजर उत्तम. तीन आठवड्यांनंतर स्वयंपाकास हरकत नाही.

"तुझी आत्या म्हणजे त्या इस्पितळातल्या ना?" दुकानदार म्हणाला. "परवा येऊन गेल्या इथे. माझ्या फळीवरच्या बरणीचं लेबल तिरकं लागलंय म्हणून सांगून गेल्या. एवढ्या लांबून."

"परवा? मी कुठे होतो?"

"ते मला काय माहीत?"

परवा दुपारी बारक्या ग्रंथालयात होता. त्याने कार्ड होतं तसंच घडी करून खोक्यात ठेवलं. पोस्टाची खिडकी एव्हाना उघडली होती, तरी तो तिकडे गेला नाही.

घराच्या गल्लीत शिरल्यावर समोरची खिडकी लागते. आत्या खिडकीशी खुर्ची ओढून वर्तमानपत्र वाचत होती. पट्टी कपाळावर सरकवलेली, कागद हातभर लांब धरलेला, आणि ओठ हलताहेत. बारीक अक्षरातली पाठीमागची जाहिरात वाचताना ती असेच ओठ हलवायची.

बारक्या भिंतीच्या आडोशाला थांबला. आधी त्याला रागच आला. मग त्याला बटाटे आठवले. अर्धा बटाटा सालाबरोबर जायचा, आणि ती पाहत होती. पाकळ्या जमिनीवर पडायच्या, त्या तो उचलून, पँटला पुसून परत फळीवर टाकायचा. तेही पाहिलं असणार. जळकी डाळ, कच्चे तांदूळ, मिठाचा खडा, सगळं तिने समोर येताना पाहिलं आणि मुकाट्याने खाल्लं. उठून दहा मिनिटांत चवीचं करून खाता आलं असतं तिला. पाच आठवडे ती डोळे असून आंधळी, हात असून पांगळी आणि तोंड असून मुकी होऊन त्या खुर्चीत बसून राहिली, कारण ती उठली असती तर तो शिकला नसता. ज्या बाईला लेबल तिरकं दिसलेलं सहन होत नाही, तिने.

आपल्यासाठी कुणी इतकं केलं आहे, आणि आपण ते माहीत नसल्यासारखं आज घरात शिरायचं आहे, या दोन्ही गोष्टी एकदम पेलणं त्याला जरा अवघड गेलं.

मग तो दारापाशी गेला. दार ढकललं की उघडत होतं, तरी त्याने किल्ली काढून कुलपात दोनदा फिरवली, खोकला आणि पायरीवर चपला चांगल्या आपटल्या.

आत गेला तेव्हा पट्टी डोळ्यावर होती आणि वर्तमानपत्र उशीखाली.

"आलास? कुठे गेला होतास उन्हाचा?"

"थेंब आणायला. संपले होते ना."

"मग? मिळाले?"

"दुकान बंद होतं."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि लगेच, "म्हणजे, उद्या बघू. घाई नाही."

दिवे लागायच्या सुमाराला तो स्वयंपाकाला उभा राहिला. आत्या दारातल्या खुर्चीवर येऊन बसली. बारक्याने खिशातला कागद काढून ओट्यावर उलगडला. जमीन मोजायच्या वहीत चूक झाली तर ती खोडरबराने पुसायची नसते, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं. चुकीवर एकच सरळ रेघ मारायची, म्हणजे खालचं वाचता येतं, बरोबर असेल ते वर लिहायचं आणि शेजारी सही करायची. त्याने दुसऱ्या चौकोनावर रेघ मारली, पहिल्यात खूण केली आणि सही केली. मग शाई वाळावी म्हणून कागद मिठाच्या बरणीला टेकवून उभा ठेवला, अगदी दाराच्या समोर.

मागे खुर्ची करकरली. त्याने मुद्दामच वळून पाहिलं नाही. तिला विचारायचं असणार की हे "नाही" कधीचं, आणि विचारायची सोय तिने स्वतःच ठेवली नव्हती.

"आत्या."

"काय?"

"एका खाटेला किती तांदूळ?"

"पाठ नाही झालं अजून? दोन मुठी."

"तुझ्या. माझ्या किती?"

खुर्ची पुन्हा करकरली. मग ती म्हणाली, "डबा घेऊन इकडे ये."

तो तिच्यापुढे उकिडवा बसला. तिने हात पुढे केला आणि जराही न चाचपडता त्याचं मनगट धरलं. तिने त्याचा हात डब्यात घातला, त्याची बोटं आपल्या बोटांनी मिटली, थोडी सैल केली, पुन्हा मिटली.

"इतकी. अंगठा आत. करंगळीतून सांडतील तेवढे सांडू दे. अशी एक आणि वर चिमूटभर, म्हणजे तुझी खाट झाली." तिने डब्याच्या काठावर सांडलेले दाणे आत लोटले. "जास्त घेतलास तर शिळं खाशील. कमी घेतलास तर पुन्हा पाव आणशील. आणायचा नाही."

"नाही आणणार."

त्याने ती एक मूठ आणि चिमूट पातेल्यात टाकली. मग डबा पुन्हा तिच्यापुढे धरला.

"आता तुझी खाट घाल."

तिने आपल्या दोन मुठी त्यावर घातल्या. तो ओट्याकडे वळला, फळी ओढली, टोपलीतला कांदा घेतला आणि नेहमीप्रमाणे मुळाच्या बाजूवर सुरी टेकवली.

"मूळ राहू दे," मागून आत्या म्हणाली. "ते शेवटी कापायचं असतं. पाकळ्या धरून राहतात."

बारक्याने मागे वळून पाहिलं नाही.

"बरं," तो म्हणाला, आणि कांदा फिरवून घेतला.